सीए-१२५ वाढलंय... बायकांच्या कॅन्सरच्या नव्या टेस्टमधलं खरं काय, कोणी सांगेल का?

कुंपणावरची
नमस्कार मंडळी, एरवी मी रोमातच (नुसती वाचत) असते पण आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. वय ४३. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत यंदा 'महिला कॅन्सर पॅनल' असं काहीतरी नवीन घातलं होतं, रकाना दिसला, टिक केलं, विसरून गेले. काल रात्री साडेअकराला मेलवर रिपोर्ट. सीए-१२५ : ६८. शेजारी बारीक अक्षरात '३५ पर्यंत नॉर्मल' आणि माझा आकडा लाल आणि ठळक. बास, एवढंच. ना कोणाचा फोन, ना पुढे काय करायचं त्याची एक ओळ. शोधून बघितलं तर पहिलंच उत्तर अंडाशयाचा कॅन्सर. नवऱ्याला उठवलं तर म्हणे सकाळी बघू, आणि कूस बदलून घोरायला लागला, मी आपली छताकडे बघत.

त्रास तसा काही नाही, पाळीत पोट दुखतं पण ते कॉलेजपासूनच. हल्ली ऐकते की घरच्या घरी स्वॅब घ्यायचा, रक्ताच्या एका बाटलीत पन्नास कॅन्सर कळतात वगैरे. यातलं कामाचं काय आणि नुसतं विकायला काढलेलं काय? माहीतगारांनी लिहा प्लीज.

रिकामटेकडी
अगं थांब थांब, रक्त दिलंस तेव्हा पाळी चालू होती का? माझं एकदा नव्वदच्या वर गेलं होतं, एन्डोमेट्रिओसिस निघाला, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढणं. त्यालाही आता सात वर्षं झाली, जिवंत आहे आणि धागे वाचतेय.

कुंपणावरची
हो!! दुसरा दिवस होता. कोणी विचारलंच नाही.

शिवणटिपण
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे तपासत नाहीये, फक्त माहिती देतेय.

ताई, आधी श्वास घ्या. सीए-१२५ हे काही कॅन्सरचं खास प्रोटीन नाही. पोटातल्या आवरणाला कुठेही चिडचिड झाली की ते वाढतं. पाळी, एन्डोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातलं इन्फेक्शन, गरोदरपणाचे पहिले महिने, पोटाचा टीबी, लिव्हरचे आजार, यादी संपत नाही. उलट पहिल्या स्टेजच्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या बायकांचं सीए-१२५ नॉर्मलच असतं. म्हणजे वाढलं तर उगाच घाबरवणार आणि नॉर्मल आलं तर उगाच धीर देणार. ज्यांना हा कॅन्सर झालेला आहे त्यांच्यात उपचार लागू पडतोय का हे बघायला, किंवा सोनोग्राफीत गाठ दिसलीच आहे तर तिच्याबद्दल अंदाज बांधायला ही टेस्ट फार चांगली. पण काही त्रास नसलेल्या, घरात कोणाला हा आजार नसलेल्या बाईला चाळणी म्हणून लावायची नसते, आणि हे आज नाही ठरलेलं, बरीच वर्षं झाली.

तुम्ही काय करायचं : पाळी संपली की एखाद्या गायनॅकला दाखवा, आतून सोनोग्राफी होईल, पाळीतल्या दुखण्याबद्दल जरा सविस्तर सांगा. आई, मावशी, आत्या, बहिणी यांच्यात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का, तेही आठवून ठेवा. उद्याच्या उद्या परत रक्त देऊ नका.

आकडेमोड
डॉक्टरांनी म्हटलंय त्याचं गणित मांडतो, मला याशिवाय काही येत नाही.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये अंडाशयाचा कॅन्सर साधारण अडीच हजारांत एकीला असतो असं धरतात. एक लाख बायका घेतल्या तर ४० जणी. आता समजा कोणी ९९ टक्के अचूक टेस्ट आणली. ऐकायला किती भारी! पण निरोगी बायका ९९,९६० आहेत, त्यांच्यातल्या एक टक्क्याला, म्हणजे हजार जणींना ती टेस्ट खोटं 'पॉझिटिव्ह' म्हणणार. ४० खऱ्या, हजार खोट्या. आणि अंडाशयाचं पक्कं निदान सुईने करता येत नाही, पोट उघडून किंवा दुर्बिणीने बघावं लागतं. म्हणजे एका खऱ्या पेशंटमागे पंचवीस बायका टेबलावर.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत पीएलसीओ म्हणून मोठा अभ्यास झाला, ७८ हजारांवर बायका, निम्म्यांना दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी. २०११ ला निकाल आला. ३,२८५ जणींना खोटा अलार्म, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं, आणि १६३ जणींना त्या नको असलेल्या ऑपरेशनमधून गंभीर त्रास. मृत्यू किती कमी झाले? शून्य फरक.

दीडशहाणा
आकडेमोडकाका, हे म्हणजे आग लागल्याचा भोंगा कधी उगाच वाजतो म्हणून भोंगाच काढून टाका असं झालं. लवकर सापडलेलं बरंच ना? दोन खोटे अलार्म गेले तरी चालतील, एक जीव वाचला तर.

आकडेमोड
जीव वाचला तर चालेलच हो. वाचला नाही हाच तर मुद्दा आहे. ब्रिटनमधला अभ्यास बघा, यूकेसीटॉक्स. २००१ ते २००५ मध्ये दोन लाखांवर बायका घेतल्या, एकेका आकड्यावर न जाता सीए-१२५ वर्षागणिक कसं चढतंय ते बघितलं, म्हणजे पीएलसीओपेक्षा बरीच हुशार पद्धत. आणि लवकर सापडलेही! त्या गटात पहिल्या स्टेजचे कॅन्सर ४७ टक्के जास्त सापडले, चौथ्या स्टेजचे पाव हिश्श्याने कमी झाले. सगळ्यांनी श्वास रोखून वाट बघितली. २०२१ मध्ये, सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मृत्यू मोजले तर तपासणी केलेला गट आणि न केलेला गट, दोन्ही सारखे.

दीडशहाणा
हे डोक्यावरून गेलं. लवकर सापडून मृत्यू तेवढेच कसे?

शिवणटिपण
चांगला प्रश्न, आम्हालाही तो निकाल पचवायला जड गेला होता.

'अंडाशयाचा कॅन्सर' हा एक आजार नाही. त्यातला जो सगळ्यात जास्त बळी घेतो तो बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही, गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला, काही पेशींच्या ठिपक्यात सुरू होतो. तो ठिपका सोनोग्राफीत दिसत नाही, रक्तात काही सोडत नाही, आणि गाठ बनायच्या आधीच तिथून पेशी पोटात सांडायला लागतात. दार उघडंच असतं ना ते, झालर पोटाच्या पोकळीतच लोंबते. म्हणून आपण लवकर पकडतो ते मुळातच सावकाश चालणारे. जे पळणारे आहेत त्यांना चार महिने आधी गाठून शेवट बदलत नाही, नाव चौथ्या स्टेजवरून तिसऱ्यावर येतं एवढंच.

म्हणूनच हल्ली मूलबाळ झालेल्या बाईची दुसऱ्या कशासाठी पिशवी काढताना किंवा नसबंदी करताना पूर्ण नळ्याच काढून टाकायचा विचार होतो, अंडाशय ठेवून. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २०१० पासून हे मुद्दाम सुरू केलं. शोधण्यापेक्षा जागाच काढून टाकणे.

बीआरसीए जीनमध्ये घराण्यातून आलेला बिघाड असलेल्यांचा हिशोब मात्र पूर्ण वेगळा. एरवी आयुष्यभरात हा कॅन्सर होण्याची शक्यता एक टक्क्याच्या जरा वर, बीआरसीए-१ मध्ये बिघाड असेल तर चाळीस टक्क्यांच्या घरात. अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये अंडाशय आणि नळ्या काढून घेतल्या त्या यासाठी. तेव्हा लोकांनी काय काय बोलून घेतलं, पण वैद्यकीयदृष्ट्या तो अगदी रीतसर निर्णय होता. घरात दोन-तीन जणींना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर सीए-१२५ पेक्षा जेनेटिक काउन्सेलिंगवर वेळ घालवा.

पेशीवाचक
इतकं निराश करू नका हो बायकांना! याच शरीरात, चार इंचांवर, स्क्रीनिंगचं सगळ्यात मोठं यश उभं आहे. पिशवीचं तोंड. गर्भाशयमुख म्हणा.

मी पस्तीस वर्षं सायटॉलॉजीत पॅप टेस्टच्या स्लाइडी वाचल्या, म्हणजे पिशवीच्या तोंडावरून ब्रशने घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, आता निवृत्त. दिवसाला साठ-सत्तर स्लाइडी, डाव्या हाताने काच सरकवायची, उजवा हात फोकसवर. निळ्या-गुलाबी पेशींचा समुद्र, शेकडो पेशी शहाण्यासारख्या, आणि मधेच एखादी अशी की केंद्रक फुगलेलं, काळपट, मनुक्यासारखं सुरकुतलेलं आणि त्याच्याभोवती स्वच्छ कोरी रिकामी कडा, कोणी खोडरबर फिरवल्यासारखी. ती दिसली की समजायचं, एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू, येऊन बसलाय. पापानिकोलाऊने पेशी वाचून कॅन्सर ओळखता येतो हे १९२८ मध्ये मांडलं तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नव्हतं, १९४० च्या दशकात पुस्तक आलं मग जग हललं.

पण माझ्याच धंद्याविरुद्ध बोलते. दुपारी चारनंतर डोळे थकतात. पेशी ब्रशवर आलीच नाही तर मी काय वाचणार? एकटी पॅप टेस्ट बऱ्यापैकी चुकते. कॅनडात दोन्ही टेस्ट शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, २००७ ला छापून आलं : कॅन्सरच्या अलीकडचे गंभीर बदल पॅपने ५५ टक्के पकडले, एचपीव्ही टेस्टने ९५. पॅप टिकली ती वारंवार केल्यामुळे. एकदा हुकलं तर तीन वर्षांनी सापडेल, कारण हा आजारच सावकाश. विषाणू आल्यापासून कॅन्सर व्हायला दहा-वीस वर्षं जातात आणि मधे बदललेल्या पेशींचा लांबलचक टप्पा असतो, तेव्हाच काढल्या की विषय संपला. अंडाशयात आपल्याला हा मधला टप्पाच दिसत नाही. सगळा फरक तिथे आहे.

आकडेमोड
पेशीवाचकताईंना अनुमोदन, आणि यात आपल्या उस्मानाबादचं (आताचं धाराशिव) नाव जगभर घेतात हे किती जणांना माहितीये? तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये निकाल. चार गट, एकाची एचपीव्ही टेस्ट, एकाची पॅप, एकाची व्हिनेगरसारखं ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, एकाची काहीच नाही. एचपीव्ही टेस्ट आयुष्यात फक्त एकदा केलेली. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू, काहीच न केलेल्या गटात ६४. जवळजवळ निम्मे! बाकी दोन टेस्टना एका फेरीत असा फरक दाखवता आला नाही. आणि ज्यांची एचपीव्ही निगेटिव्ह आली होती त्यांच्यात एकही मृत्यू नाही. काकांनी वर मागितलेलं 'जीव वाचला का' याचं उत्तर हे असं असतं.

दीडशहाणा
मान्य, मान्य. काका मी नाही, काका तुम्ही.

सायली_न
एचपीव्हीसाठी स्वतः घ्यायच्या स्वॅबबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, मी केलाय. मला त्या टेबलावर पाय वर करून झोपायची इतकी धास्ती की धाकट्यानंतर अकरा वर्षं तपासणीच टाळली होती. यात एक लांब दांडीचा मऊ टोकाचा स्वॅब असतो, दांडीवर खूण असते त्याच्या वर धरायचा, बाथरूममध्ये एक पाय टबाच्या कडेवर ठेवून (किंवा उकिडवं बसून, जसं जमेल तसं) टॅम्पॉन घालतो तसा आत सरकवायचा, वीस-तीस सेकंद गोल गोल फिरवायचा, बाहेर काढून नळीत टाकायचा, खटकन दांडी मोडायची, झाकण. दुखत नाही, विचित्र वाटतं. मला वाटलं होतं पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायलाच पाहिजे, पण नर्स म्हणाली तसं काही नाही, आतल्या भिंतीवरून आलेलं पुरतं कारण शोधायचा आहे विषाणू, पेशी वाचायच्या नाहीयेत. घरातून बाहेर यायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा कमी वेळ लागला. अकरा वर्षं उगाच घालवली.

शिवणटिपण
सायली, छान लिहिलंत. हेच सध्याचं खरंखुरं नवीन. पीसीआरवर चालणाऱ्या चांगल्या किटवर स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्याच्या तोडीचा ठरतो. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या शेवटी पॅप सोडून पाच वर्षांनी एकदा एचपीव्ही सुरू केली आणि जुलै २०२२ पासून प्रत्येकीला स्वतः नमुना घ्यायची मुभा दिली. अमेरिकेत २०२४ मध्ये दवाखान्यात बसून स्वतः घ्यायला आणि २०२५ मध्ये घरी घ्यायच्या किटला मंजुरी मिळाली. डब्ल्यूएचओचं म्हणणं, तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही टेस्ट, एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि जास्त वेळा. निदान ३५ आणि ४५ या दोन वयांत तरी व्हावीच.

फक्त अंगावरून मधेच रक्त जातंय, संबंधानंतर जातंय, घाण वासाचं पाणी जातंय, अशा बायकांनी घरच्या स्वॅबवर समाधान मानायचं नाही. ते स्क्रीनिंग राहिलं नाही, ती तक्रार झाली, थेट दाखवायचं.

अनामिका_७
आयडी नवीन आहे, मुद्दाम. माझी एचपीव्ही पॉझिटिव्ह आली. सासूबाई, नवरा, कोणालाच सांगितलं नाही. मनात एकच येतंय की हा बाहेर कुठे...? लग्नाला १४ वर्षं झाली.

शिवणटिपण
अनामिका, बरं झालं विचारलंत, हे ओपीडीत रोज दार लावून विचारलं जातं. एचपीव्ही इतका सर्रास आहे की शरीरसंबंध असलेल्या बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना कधी ना कधी तो होऊन जातो, कळतसुद्धा नाही. तो वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो आणि मग कधीतरी टेस्टमध्ये दिसतो. तुमचा रिपोर्ट तो कधी आला आणि कोणाकडून आला हे सांगू शकत नाही, कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. यावरून घरात कोर्ट भरवू नका.

आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही. दहातल्या नऊ जणींचं इन्फेक्शन दोनेक वर्षांत शरीरच घालवतं. कुठला प्रकार आलाय ते बघा, १६ आणि १८ हे दोघे मिळून सत्तर टक्के कॅन्सरना जबाबदार, ते असतील तर सरळ कॉल्पोस्कोपी. बाकीचे असतील तर आधी पॅप किंवा नवीन दुहेरी रंगाची टेस्ट, त्यात एकाच पेशीत दोन खुणा एकदम उमटल्या की ती पेशी वाकड्या वाटेवर आहे असं समजतं. कॉल्पोस्कोपी म्हणजे ऑपरेशन नाही, भिंगातून बघतात. ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावला की मिनिटभरात बदललेला भाग पांढरा पडतो, निरोगी भाग गुलाबीच राहतो. लागलं तर तिथला मुगाएवढा तुकडा तपासायला. तुमच्या रिपोर्टवर कुठला प्रकार लिहिलाय?

अनामिका_७
'इतर हाय रिस्क' लिहिलंय. १६/१८ निगेटिव्ह. पॅपची तारीख घेतली आत्ताच. थँक्यू. खूप थँक्यू.

दीडशहाणा
आता माझा लाडका विषय. ते पन्नास कॅन्सरवालं रक्त?

आकडेमोड
गॅलेरी नावाची टेस्ट म्हणताय. कॅन्सरच्या पेशी मरताना डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात, त्या तुकड्यांवरच्या मेथिलेशनच्या (रासायनिक) खुणांवरून कुठल्या अवयवाचा आहे ते ओळखायचं. कल्पना झकास. गोम अशी की गाठ लहान असेल तर तुकडेही कमी, म्हणजे पहिल्या स्टेजला, जेव्हा आपल्याला हवंय तेव्हाच, टेस्ट सगळ्यात कच्ची. ब्रिटनने एक लाख चाळीस हजार लोकांवर मोठा अभ्यास लावला तो त्यासाठीच. कोणी ही टेस्ट विकायला आलं तर 'किती कॅन्सर शोधते' हे नका विचारू, 'मृत्यू किती कमी केले' हे विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.

पेशीवाचक
माझ्या मनातलं आवडतं दुसरंच आहे, पॅपच्याच ब्रशवर आलेल्या द्रवात डीएनए शोधणं. पिशवीतून, नळ्यांतून पेशी खाली ओघळतातच. जॉन्स हॉपकिन्सने २०१८ मध्ये पॅपसीक छापलं : पिशवीच्या अस्तराचे ८१ टक्के कॅन्सर सापडले, अंडाशयाचे मात्र ३३ टक्केच. आणि हे निदान झालेल्या पेशंटवर, चालत्याबोलत्या निरोगी बायकांवर नाही. लांब आहे अजून. पण अस्तराला मुळात एवढी गरज पण नाही, ते स्वतःच ओरडून सांगतं.

रोमातली
अस्तर ओरडून सांगतं म्हणजे? जरा सविस्तर लिहाल का.

शिवणटिपण
पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरला सरसकट स्क्रीनिंग नाही, लिंच सिंड्रोमसारखा घराण्यातला दोष असेल तर सोडून. पण दहातल्या नऊ जणींना रक्तस्राव होतो, आणि बहुतेकदा आजार पिशवीतच असताना होतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर अंगावरून एक थेंब गेला, गुलाबी डाग, तपकिरी डाग, काहीही, तरी तो तपासायचा. अशा दहा बायकांत साधारण एकीला कॅन्सर निघतो, बाकी नऊ जणींचं कारण साधंच असतं. आतून सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर बहुतेक निश्चिंत, जाड असेल तर अस्तराचा तुकडा.

कुंपणावरची
अपडेट देते. सोनोग्राफी झाली, डाव्या अंडाशयात ४ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे एन्डोमेट्रिओसिसचीच गाठ, रिकामटेकडी बरोबर होती. पंचवीस वर्षं 'पाळीत दुखतंच' म्हणून गोळ्या खात होते ते हे. सीए-१२५ आता परत करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गंमत म्हणजे त्या 'महिला कॅन्सर पॅनल'मध्ये एचपीव्ही टेस्ट नव्हतीच! जी हवी ती नाही, नको ती आहे. स्वॅब परवा दिला. नवऱ्याला आता या धाग्याची लिंक पाठवलीये, तो दिवसा वाचेल.

रोमातली
आईला फोन केला काल. वय ६१. सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाली हो, दिवाळीपासून अधूनमधून डाग पडतो, उष्णतेचं असेल, तेवढ्यासाठी कुठे डॉक्टर. मी तिच्याशी रोज बोलते. रोज. आज घेऊन गेले. अस्तर १३ मिलिमीटर. तुकडा घेतलाय.

रिकामटेकडी
काय झालं गं? आठवडा झाला.

रोमातली
आला रिपोर्ट. कॅन्सर नाही, पण त्याच्या अलीकडची पायरी, अटिपिकल हायपरप्लेझिया. पिशवी आणि नळ्या-अंडाशय काढायचं ठरलंय, दुर्बिणीने, पुढच्या मंगळवारी. आई विचारतेय किती दिवसांनी जिने चढता येतील, तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट नाही. डॉक्टरताई, सांगाल का?

शिवणटिपण
दुर्बिणीने झालं तर दोन-तीन दिवसांत कठडा धरून, सावकाश, चढता येतील. सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. पाण्याची बादली सुद्धा जडच, हे त्यांना माझं नाव घेऊन सांगा.